सर्व्हिसिंगला दिलेली गाडी रविवारी कुठं गेली होती? (पाचपैकी दीड तारा)

सेंटरचं नाव लिहीत नाही. तक्रार अजून चालू आहे, आणि नाव घेतलं की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि वकिलाच्या नोटिसांचंच पारायण सुरू होतं. गाडीची कंपनीही सांगत नाही. विजेवर चालते, पाटी हिरवी आहे, तीन वर्षांची आहे, एवढं पुरे.

माझी ओळख मात्र थोडी द्यायला हवी, नाहीतर पुढचे आकडे वाचून कुणी म्हणेल की म्हातारा चक्रम आहे. मी एसटीत लेखनिक होतो, ३१ वर्षं. त्यातली शेवटची अकरा किलोमीटर आणि डिझेलच्या टेबलावर गेली. रोज सकाळी लॉगशीटचा गठ्ठा समोर यायचा. गाडी आगारातून निघाली तेव्हाचं रीडिंग, परत आली तेव्हाचं, मधल्या फेऱ्या, डेड किलोमीटर म्हणजे प्रवाशांविना रिकामी धाव, पंपावर किती डिझेल लागलं, सगळं जुळवायचं. वीस किलोमीटर जास्त दिसले की ड्रायव्हरकडून खुलासा. निवृत्त झालो तरी हात थांबत नाही. गाडीच्या कप्प्यात शंभर पानी वही आहे, पेन दोरीनं बांधलेला. बाहेर पडताना रीडिंग, घरी आल्यावर रीडिंग, बॅटरीचे टक्के. आमची ही म्हणते, "अहो, घरात तरी डेपो आणू नका." पण त्या वहीमुळंच हे सगळं कळलं.

गाडी दिली जानेवारीतल्या एका गुरुवारी. तक्रार रेंजची होती. नवी असताना शंभर टक्क्यांवर खरीखुरी २१० किलोमीटर चालायची, ती १८० पर्यंत खाली आली होती. शिवाय वार्षिक सर्व्हिसिंगही होतं: एसीचा फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंटची पातळी, टायरची अदलाबदल. विजेच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, त्यामुळं बिल कमी येतं. सेंटरवाल्यांचे चेहरे त्यामुळं जरा उतरलेले असतात असं मला आपलं वाटतं.

काउंटरवर एक मुलगी होती, सर्व्हिस अॅडव्हायझर. चोवीस-पंचवीसची असेल. तिच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही, उलट या दीड ताऱ्यातला एक अख्खा तारा तिचा. तिनं विचारलं, "काका, तुम्ही चार्ज कितीपर्यंत करता?" म्हटलं, ऐंशीच्या आसपास, पेपरात वाचलं होतं की ऐंशीच्या फार वर नेऊ नये. ती हसली. म्हणाली, "ते सगळ्या बॅटऱ्यांना लागू नाही. तुमच्या गाडीत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल आहेत. हिला अधूनमधून घरच्या स्लो चार्जरवर पूर्ण शंभर करावं लागतं, नाहीतर आतल्या सिस्टीमला नक्की किती चार्ज आहे तेच कळत नाही. सेल एकसारखे होत नाहीत. मग ती घाबरून रेंज कमी दाखवते." तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी विकताना शोरूमच्या पोरानं चार वेळा सनरूफ उघडून दाखवलं होतं, हे मात्र नाही.

तिनं जॉबकार्ड केलं. रीडिंगच्या रकान्यात तिनं टाइप केलं २१८५०. मी म्हटलं, "ताई, २१,८४६ आहे." ती म्हणाली, "काका, राउंड फिगर घेतो आम्ही." मी पुढं बोललो नाही. बाहेर जाऊन मीटरचा फोटो काढला. ओडोमीटर २१,८४६, बॅटरी ८२ टक्के, ट्रिप ए ४४४. ट्रिप ए मी दर महिन्याच्या एक तारखेला शून्य करतो. ट्रिप बी मोठ्या प्रवासाला वापरतो, त्यात डिसेंबरमधली पंढरपूरची फेरी तशीच होती. वहीत नोंद केली, वही पिशवीत घातली आणि रिक्षानं घरी आलो.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी मिळणार होती. शुक्रवारी फोन आला की सॉफ्टवेअर अपडेट अर्धवट अडकलंय, उद्या या. शनिवारी फोन, बॅटरीची तपासणी चालू आहे, सोमवारी घेऊन जा. म्हटलं ठीक आहे. रेंजची तक्रार आपणच केलीय, बघू देत नीट.

रविवारी रात्री अकराला पुण्याहून पोराचा फोन. एवढ्या रात्री फोन आला की पोटात गोळा येतो. तो म्हणाला, "आप्पा, वाईला गेला होता का? सांगितलं नाही. आणि रात्री एवढ्या उशिरा गाडी चालवू नका म्हणून कितीदा सांगायचं?"

मी अंथरुणात. म्हटलं, "कुठली वाई? गाडी गुरुवारपासून सर्व्हिसिंगला आहे."

तर झालं असं होतं. फास्टॅग त्याच्या नंबरावर आहे. सरकारनं १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी गाड्यांना वार्षिक पास दिलाय, तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो पास त्यानं मला घेऊन दिला होता. टोलवरून गेलं की एक फेरी वजा होते आणि त्याला मेसेज जातो. त्याला दोन मेसेज आले होते. साताऱ्याहून वाईकडं जाताना लागणारा आनेवाडी टोलनाका, दुपारी ४ वाजून ५२ मिनिटं. आनेवाडी टोलनाका, रात्री १० वाजून ३१ मिनिटं. शिल्लक फेऱ्या १४७ च्या १४५.

रात्रभर झोप नाही. हिचं म्हणणं, "ट्रायल घेत असतील." रविवारी? सेंटरच्या दारावरच पाटी आहे, रविवारी बंद.

सोमवारी दहाला गेलो. गाडी धुऊनपुसून उभी, आरशासारखी. मॅनेजर स्वतः पुढं आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा. पहिलंच वाक्य: "काका, तुम्ही ८२ टक्क्यांवर दिली होती, आम्ही ८४ करून देतोय. चार्जिंग आमच्याकडून फ्री!"

घरी येऊन विचार केला तेव्हा त्या वाक्यातली गोम लक्षात आली. पेट्रोलची गाडी कुणी फिरवून आणली तर टाकी सांगते. चोराला परत टाकी भरून ठेवायची तर खिशात हात घालावा लागतो, पंपावर जावं लागतं, आणि नेमका तेवढाच काटा आणणं अवघड. म्हणून एसटीत आम्ही डिझेलवरून माणूस पकडायचो. इथं रात्री प्लग खोचला की सकाळी काटा होता तिथं. वर्कशॉपची वीज वर्कशॉपच्या बिलात, कुणाच्या खिशाला चाट नाही. गिऱ्हाईक टक्के बघतं आणि खूश होऊन जातं. साक्षीला उरतं फक्त किलोमीटर, आणि तेही जॉबकार्डावर राउंड फिगरमध्ये.

मी गाडीत बसलो. म्हणजे बसायला गेलो आणि पाय पेडलपर्यंत पोचेनात. माझी उंची पाच फूट चार इंच. सीट मागं अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. आता सीट मेकॅनिकही मागं करतो, त्याचा मी पुरावा मानत नाही. एसी १८ वर. जानेवारीत. तोही सोडून दिला. गाडी चालू केली. ओडोमीटर २१,९५९.

वजाबाकी तोंडी केली, मग वहीत केली, मग फोनवर केली. ११३.

ट्रिप ए बघितला: ५५७. त्यातून ४४४ वजा केले की पुन्हा ११३. दोन्ही हिशोब जुळले. ट्रिप बी मात्र शून्य. पंढरपूर गेलं. मोड बघितला, तर स्पोर्ट, म्हणजे जोरात पळायचा आणि बॅटरी जास्त खाणारा. तीन वर्षांत मी स्पोर्टचं बटण एकदा दाबलंय, तेही चुकून.

मॅनेजरला खिडकीतूनच हाक मारली. म्हटलं, "साहेब, ११३ किलोमीटर कशानं झाले?"

"रीडिंग लिहिताना चुकलं असेल, काका."

मी फोटो दाखवला. त्यानं तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "हां, तुमची रेंजची कंप्लेंट होती ना. रेंज टेस्ट घेतलीय. हायवेला नेली होती."

हे उत्तर ऐकून मी क्षणभर थबकलो, खोटं कशाला सांगू. कारण हे खरं असू शकतं. रेंजची तक्रार असली तर गाडी चालवून बघावीच लागते, उभ्या गाडीची रेंज कशी कळणार? मनात आलं, आपणच उगाच शंकासूर झालोय. पण मग टेबलावरची अकरा वर्षं जागी झाली. चाचणी घेतली म्हणजे कागद असणार. निघताना किती टक्के, परतल्यावर किती, किती किलोमीटर, युनिटला सरासरी किती, चालवलं कुणी. म्हटलं, तो कागद द्या, मी माफी मागतो.

"सिस्टीममध्ये आहे."

"मग प्रिंट काढा."

"प्रिंटर बंद आहे आज."

"स्क्रीनवर दाखवा. मी फोटो काढतो."

"ते काका कंपनीच्या लॉगिनला असतं."

मग मी टोलचं काढलं. रविवारी ४ वाजून ५२. तो म्हणाला, "फास्टॅगचं काय, कधीपण कट होतं. आम्ही शुक्रवारी नेली असेल, मेसेज रविवारी आला." हेही अर्धं खरं. टोलचा मेसेज उशिरा येतो, माझ्याच बाबतीत एकदा दुसऱ्या दिवशी आला होता. पण मेसेज आला ती वेळ वेगळी आणि मेसेजच्या आत नाक्यावरून गेल्याची वेळ असते ती वेगळी. आतली वेळ रविवारचीच होती. दोन मेसेज, मध्ये पाच तास एकोणचाळीस मिनिटं. ११३ किलोमीटरच्या चाचणीला पावणेसहा तास लागतात, आणि ती रविवारी संध्याकाळी घ्यावी लागते, आणि स्पोर्ट मोडवर? रेंज मोजायला गाडी स्पोर्टवर टाकणं म्हणजे वजन करायला खिशात दगड घेऊन काट्यावर उभं राहणं.

"ट्रिप बी का शून्य?"

"बारा व्होल्टची बॅटरी काढली होती, त्यामुळं रिसेट झालं."

"मग ट्रिप ए कसा राहिला?"

यावर तो "एक मिनिट हां काका" म्हणून आत गेला, तो वीस मिनिटं आलाच नाही.

त्या वीस मिनिटांत मी गाडीभोवती फिरलो. बॉडी लख्ख, काचा लख्ख, टायरला काळं पॉलिश. मागचं दार उघडून डावीकडचा रबरी मॅट उचलला. खाली माती. तांबडी, लालसर, चिमटीत धरली तर बोटाला रंग लागेल अशी. आता आमच्या साताऱ्याच्या आसपासची शिवारं काळी. सेंटरच्या आवारात सिमेंटचं काँक्रीट. ही माती जांभ्याची, ती वर डोंगरावरच मिळते. पाचगणीचं टेबललँड, महाबळेश्वर, इकडं कास. कासला जायला आनेवाडी टोल लागत नाही. आनेवाडी लागतो तो पाचवड-वाईकडं, आणि वाईच्या पुढं पसरणी घाट चढलं की पाचगणी. साताऱ्याहून वाईमार्गे पाचगणी धरा ४८ किलोमीटर. जाऊनयेऊन ९६. उरले सतरा. ते मी त्यांना खऱ्याखुऱ्या रोड टेस्टचे माफ केले.

माती मागच्या सीटच्या पायाशी होती. म्हणजे मागं कुणीतरी बसलं होतं. रेंज टेस्टला मागं बसून कोण काय मोजतं ते मला कळलेलं नाही.

धुणारा पोरगा पाइप गुंडाळत उभा होता. मॅट उचललेला बघून जवळ आला आणि म्हणाला, "राहिलं व्हय? द्या, झटकून देतो." म्हटलं, राहू दे. हळूच विचारलं, रविवारी काम असतं का रे? तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "काका, आमाला रविवारी सुट्टीच असती. वरच्या लोकांचं आमाला काय ठावं न्हाय." मग पाइप उचलून निघून गेला. त्याचं वाक्य मी कुठल्याही अर्जात लिहिलेलं नाही. इथंही तो कसा दिसतो ते सांगणार नाही. उद्या त्याचीच नोकरी जायची.

मॅनेजर परत आला तो हातात कूपन घेऊन. पुढच्या सर्व्हिसिंगला १,५०० रुपये सूट. आणि आजचं व्हील अलाइनमेंट फुकट. आवाज मऊ झालेला. "काका, मनात काही ठेवू नका. तुमचं नुकसान काय झालंय सांगा ना. चार्जिंग आम्ही केलं, गाडी धुऊन दिली."

हा प्रश्न त्यानं अचूक विचारला. नुकसान काय? बसून काढलं. ३,००० भागिले २००, म्हणजे एक फेरी १५ रुपयांना. दोन फेऱ्या, ३० रुपये. वीज त्यांची. टायर ११३ किलोमीटर झिजले, ते काही मोजता येत नाही. तर रोख नुकसान तीस रुपये. घरी येऊन हिला सांगितलं तर ती म्हणाली, "तीस रुपयांसाठी दिवस घालवलात?"

पण एसटीत पाच रुपयांच्या तिकिटाचा मेळ बसला नाही म्हणून कंडक्टरची चौकशी लागलेली मी पाहिलीय. तिथं पाच रुपयांचा प्रश्न नसतोच. आणि इथं तर अजून वेगळी गोष्ट आहे. पसरणी घाट मला माहीत आहे. वाईपासून पाचगणीपर्यंत साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर चढ, एका बाजूला दरी, आणि जानेवारीच्या रविवारी स्ट्रॉबेरीवाल्या पर्यटकांची ही गर्दी. तिथं त्या रात्री दहाच्या सुमारास माझी गाडी उतरत होती, स्पोर्ट मोडवर, कुणाच्या हातात ते मला अजून माहीत नाही. समजा कुणाला ठोकर बसली असती. गाडी माझ्या नावावर. पहिला फोन माझ्या घरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारलं की गाडी कोण चालवत होतं, तर ते सांगायची जबाबदारी मालकाची. मी काय सांगणार होतो? विमा कंपनी नंतर सेंटरशी भांडली असती, पण दारात पोलीस माझ्या आले असते. ई-चलनाचंही तेच. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते महाट्रॅफिकवर नंबर टाकून बघायचं. नशीब, काही नव्हतं.

चढाचा हिशोबही केला, सवयच वाईट. गाडी चौदाशे किलो, वर चार माणसं धरली तर सतराशे. एवढं वजन पावणेसहाशे मीटर वर न्यायला कागदावर अडीच-पावणेतीन युनिट लागतात, ते रस्त्याच्या नेहमीच्या खर्चाशिवाय. उतरताना मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि त्यातलं बरंचसं बॅटरीत परत येतं. त्यामुळं घाटाचा ताळा टक्क्यांवरून नीट लागलाच नसता. ट्रिप बी शून्य केला नसता तर सरासरीवरून थोडा अंदाज आला असता. तो नेमका त्यांनी का पुसला, की खरंच आपोआप पुसला गेला, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. माझा संशय आहे. संशयाला मी संशयच म्हणतो.

कूपन घेतलं नाही. घेतलं असतं तर सही करावी लागली असती, "समाधानकारक सेवा मिळाली" अशा छापील ओळीखाली. ती ओळ मी चष्मा लावून वाचली म्हणून दिसली. बिल भरलं, पण बिलावर पेनानं लिहिलं: "घेताना ओडोमीटर २१,९५९, देताना २१,८४६, फरकाचा खुलासा मिळाला नाही." आणि खाली मॅनेजरची सही मागितली. तो म्हणाला असं लिहून घेता येत नाही. तेवढ्यात ती काउंटरवरची मुलगी उठली, बिलाची प्रत घेतली, "पोच" असा शिक्का मारला, तारीख टाकली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. मॅनेजर तिच्याकडं बघत राहिला. तो तारा तिला त्यासाठी.

पुढचं थोडक्यात. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल केली, फोटो जोडून. गाडीतल्या सिमवरून ती कुठं गेली याची नोंद कंपनीकडे जात असते, निदान माझं अॅपचं वर्गणीचं वर्ष संपेपर्यंत तरी मला ती दिसायची. वर्गणी नोव्हेंबरात संपली, मी भरली नाही, हा माझा कंजूषपणा. कंपनीचं उत्तर आलं: आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, संबंधित विभागाला कळवलं आहे. पुन्हा लिहिलं की अनुभव तुम्हाला मोलाचा असू दे, मला त्या रविवारच्या नोंदी द्या. अजून उत्तर नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ वर फोन केला, तिथून टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्याच्या फोटोसाठी लेखी अर्ज करायला सांगितलं, तो केलाय. नाक्याच्या कॅमेऱ्यात काचेआड चेहरा येतो का माहीत नाही, पण गाडी तरी येईल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवलीय. पोरगा म्हणतो जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. माझं सर्व्हिसिंगचं बिल ४,३०० रुपयांचं. बघू, आधी टोलचा फोटो येऊ दे.

कामाबद्दल सांगायचं तर काम चांगलं झालंय. हे न लिहिणं अप्रामाणिकपणा होईल. अपडेट बसलं, टायरमध्ये हवा कमी होती ती भरली, त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर दोन वेळा रात्रभर लावून पूर्ण शंभर केली, आणि रेंज २०५ वर आली. म्हणजे मेकॅनिकना काम येतं. अर्धा तारा त्यांचा. वेटिंग रूममध्ये कॉफीचं मशिन आहे, चालू नव्हतं. टीव्ही चालू होता, त्यावर त्यांचीच जाहिरात.

कुणी विजेची गाडी सर्व्हिसिंगला देणार असेल तर टक्क्यांकडं बघून खूश होऊ नका. मीटरचा फोटो काढा, त्यात ओडोमीटरचा शेवटचा आकडासुद्धा यायला हवा, आणि जॉबकार्डावर तोच आकडा टाइप करायला लावा, राउंड फिगर नको. ते रोड टेस्ट घेणार असतील तर किती किलोमीटर, ते आधी लिहून घ्या. चांगल्या ठिकाणी हे विचारल्यावर कुणाला राग येत नाही. फास्टॅगचा नंबर दुसऱ्याच्या फोनवर असेल तर त्याला सांगून ठेवा की गाडी आज आपल्याकडं नाही.

मॅटखालची माती मी एका जुन्या औषधाच्या बाटलीत भरून ठेवलीय, वर चिठ्ठी लावून, तारीख घालून. ही म्हणते, "एवढे पाचगणीला जाऊन आले तर एक पेटी स्ट्रॉबेरी तरी डिकीत विसरायची होती." परवा पासच्या फेऱ्या बघितल्या, १४३ राहिल्यात. माझ्या हिशोबानं १४५ हव्यात. वहीत दोन्ही आकडे लिहिलेत, एकाखाली एक.